शंभर दिवसांची द्राक्षं

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नाहीतर पोरांकडे परदेशात जाऊन नातवंडं सांभाळतात. माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर आठच दिवसांनी जेवणाच्या टेबलावर वह्यांचा एक गठ्ठा आणून आदळला आणि म्हणाले, "आता आपली स्वतःची बाग. तूही बस. द्राक्षाची जात ठरवू."

शहराबाहेरच्या एका फळसंशोधनाच्या फार्मवर त्यांनी सगळी नोकरी काढली. ते शास्त्रज्ञ नव्हते. शास्त्रज्ञ येत, तीन-चार वर्षं राहत आणि बदली होऊन जात. हे मात्र तिथेच. द्राक्षाचा कुठला वेल कोणत्या दिवशी छाटला, डोळा कधी फुटला, फुलोरा कधी आला, मण्यात पाणी कधी उतरलं, गोडी कधी भरली, हे रोज पाहायचं आणि लिहायचं, एवढंच त्यांचं काम. ऑफिसच्या रजिस्टरात इंग्रजीत लिहायचे आणि घरी येऊन तेच आपल्या वहीत मराठीत उतरवायचे. नांदेडकडच्या एका खेड्यात त्यांची शाळा झाली होती. इंग्रजीत लिहिलेलं आपलं वाटत नाही म्हणायचे.

मी नारायणगुड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. वर्गात मुलं येईनाशी झाली तेव्हा शाळेनं मला लायब्ररीत बसवलं आणि तिथूनच मी निवृत्त झाले. आमचं घर हिमायतनगरात, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी लग्न होऊन परदेशात. आणि मेडचलच्या पुढे चारशे गजांचा एक प्लॉट, घर बांधू म्हणून घेतलेला आणि कधीच न बांधलेला.

"अनाबेशाही लावू," मी म्हणाले. माझ्या लहानपणी हैदराबादेत द्राक्ष म्हणजे तेच. लांबट, मधाच्या रंगाचं, आत बिया. माझे वडील गावी जाताना त्याची करंडी मांडीवर घेऊन बसत, खाली ठेवत नसत.

"नक्को. ते पिकायला पार मार्च उजाडतो, कधी एप्रिल. तोवर गारा येतात. डोळ्यांदेखत सगळा मांडव झोडपलेला पाहिलाय मी, एकदा नाही, धा वेळा. आपल्या हवेत लवकर पिकेल तेच आपलं."

"लवकर पिकतं त्याला चव नसते."

"आणि चव असून वेलावरच सडलं तर? कोणाच्या तोंडात गेली ती चव?"

दोन आठवडे आमचं हेच चाललं. इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. परलेट जातीचं द्राक्ष सगळ्यात आधी येतं, पण घड इतका गच्च की मण्यामण्यांत सुई शिरत नाही. कात्रीने विरळणी केली नाही तर आतल्या आत कुजतो. ब्यूटी दिसायला काळंभोर, पण अंगाने मऊ. एक सर आली की तडकलं. शेवटी त्यांनी फ्लेमवर बोट ठेवलं. तांबडं, बिनबियांचं, सुटसुटीत घडाचं, दाताखाली कडकन फुटणारं.

"इकडे ती थोडं कमी देते," ते म्हणाले. "पण शंभर-एकशेपाच दिवसांत देते. हे बघ, दर वर्षीचं लिहून ठेवलंय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटायची, संक्रांतीला खायची. बाजारात कोणाकडे नसतील तेव्हा आपल्याकडे."

"आणि पहिली संक्रांत कधी?"

त्यांनी बोटं मोजली. "यंदा रानद्राक्षाचे खुंट लावायचे, पावसाळ्यात त्यावर फ्लेमचं कलम बांधायचं, पुढच्या ऑक्टोबरात पहिली छाटणी. म्हणजे दोन वर्षं धर. द्राक्षात याच्याहून लवकर काही होत नाही."

फेब्रुवारीत आम्ही रानद्राक्षाचे बारा खुंट लावले. शेजारच्या प्लॉटवर वॉचमनचं कुटुंब राहत होतं. त्यातली बाई दोन्ही वेळा पाणी घालू लागली. ती तेलुगू बोलायची, मी तोडकंमोडकं तेलुगू, आणि यजमान तिच्याशी सरळ दखनीत. तिघांचंही भागायचं.

ऑगस्टअखेर कलमासाठी काड्या हव्या होत्या. शामीरपेटकडे त्यांच्या ओळखीच्या एकाची फ्लेमची बाग होती. आम्ही गेलो तर मालकाने बाग मोडायलाच काढलेली. जमीन प्लॉटिंगला गेली होती. तारा गुंडाळून ठेवलेल्या, वेल मुळासकट उपटून एका बाजूला रचलेले. पानं अजून हिरवी होती. "या या, अगदी वेळेवर आलात," मालक हसत म्हणाला, "पाहिजे तेवढ्या घेऊन जा." यजमानांनी त्या ढिगातून हिरव्या गर्भाच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या निवडल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. घरी येईपर्यंत तो गठ्ठा त्यांनी मांडीवरच धरला होता.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर त्यांनी पहिली काडी पाचरीसारखी तासायला घेतली आणि चाकू घसरला. पुन्हा घेतली, पुन्हा घसरला. मला वाटलं, उन्हाने घाम आला असेल. मग पाहिलं तर उजवा अंगठा आपला आपण हलत होता, जणू बोटावर काही मोजतोय.

"काय होऊ लालंय?" मी विचारलं. त्यांच्या गावाकडची बोली मी एरवी चेष्टेत बोलायची.

"काही नाही. तू धर."

"मला येत नाही हो."

"मी सांगतो तसं कर. तिरपा काप. एकाच झटक्यात. घासायचं नाही, कापायचं."

आयुष्यात मी भाजीखेरीज काही चिरलं नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून मी बारा कलमं बांधली, प्लास्टिकची पट्टी आवळून. त्यातली सात जगली. ते म्हणाले, पहिल्या वेळेला सात म्हणजे पुष्कळ झाली.

डॉक्टर सिकंदराबादचे. त्यांनी यजमानांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्यांवर पुष्कळ वर्षं बरी जातात, घाबरू नका, असंही म्हणाले. काही लोकांची जातात. यांची गेली नाहीत. वर्षभरात चालणं आखडलं, आवाज बारीक झाला, चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं कळेना. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा हसत का नाहीत माझ्याशी?" मी सांगायची, आतून हसतात.

तरी वेल वाढत होते. उन्हाळ्यात मांडवावर चढले, पावसाळ्यात काड्या तपकिरी झाल्या. ऑक्टोबर लागला तसे ते रोज विचारू लागले, "कधी जायचं?"

आभाळ अजून मोकळं नव्हतं. परतीचा पाऊस रेंगाळलेला. मी म्हटलं, "पंधरा दिवस थांबू या. कोवळ्या घडावर पाऊस पडला तर केवड्याची बुरशी येते, तुम्हीच सांगता."

"मग लवकरची जात घेतली कशाला?" त्यांचा आवाज नव्हता, पण राग होता. "उशिरा छाटायचं तर अनाबेशाहीच लावायचं होतं तुझं."

गाडी करून गेलो. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मी त्यांच्या नजरेखाली छाटलं. सहाव्या डोळ्यावर काप, ती बारीक काडी तळापासून काढ, ही ठेव. सगळं झाल्यावर फुगलेल्या डोळ्यांवरून फुटव्याच्या औषधाचा बोळा फिरवला. बाराव्या दिवशी कोंब फुटले. विसाव्या दिवशी कोंबाच्या कुशीत मोहरीएवढ्या कळ्यांचे घड दिसू लागले. तिथल्या बाईने ओंजळीच्या खुणा करून केवढे होतील विचारलं. यजमानांनी दोन्ही हात वर उचलून दाखवलं. हात थरथरत होते, त्यामुळे माप कधी मोठं होई, कधी लहान. ती हसली. तेही हसले असावेत.

मग बंगालच्या उपसागरात वादळ झालं आणि आठ दिवस हैदराबादेत सूर्य दिसला नाही. पाऊस मोठा नव्हता, झिमझिम होती. मोरचूद-चुन्याची फवारणी करावी तर तासाभरात धुऊन जाई. नवव्या दिवशी मी एकटी प्लॉटवर गेले. पानं उलटून पाहिली तर खाली पांढरी बुरशी दाट बसलेली. घड आकसून तपकिरी झाले होते. हात लावला की झडत होते. सातही वेलांवर एक घड शिल्लक नव्हता.

घरी आले. ते खिडकीशी बसले होते. "किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं, पण मी पुढे बोलले. "तुमच्या घाईने गेलं. कशाची एवढी घाई होती तुम्हाला?"

 त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही. स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. त्यांना कशाची घाई होती हे घरात राहणारं कुणीही सांगू शकलं असतं.

पुढचं वर्ष त्यांना उठवणं, बसवणं, शर्टाची बटणं लावणं यात गेलं. मुलगी महिनाभर येऊन राहिली. एकदा बाबांजवळ बसून त्यांना त्यांचीच वही वाचून दाखवू लागली. तिला मराठी अक्षरं येत होती, पण एकेक जोडत. "प... पा... पाणी उत... उतरलं," असं ती वाचे आणि ते डोळे मिटून ऐकत. अर्ध्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "सॉरी बाबा, हँडरायटिंग कळत नाहीये." अक्षर छापल्यासारखं होतं.

एप्रिलची खरड छाटणी, नव्या काड्या याव्यात म्हणून वेल मागे कापायची ती, मी त्यांच्यावाचून केली, बाईला मदतीला घेऊन. काड्या चांगल्या तयार झाल्या. ते आता प्लॉटवर येऊ शकत नव्हते. ऑक्टोबर लागला. पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी माझं मनगट धरलं. "आज," म्हणाले.

"हो, जाते," मी म्हणाले.

मी गेले. कात्रीही नेली होती. आभाळ निळंशार होतं. पण मला मागच्या वर्षीची ती बुरशी दिसत होती आणि त्याहून जास्त माझं ते वाक्य. पुन्हा घड गेले तर यांना काय तोंड दाखवू? मी वेलांना हात न लावता परत आले.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी सांगितलं.

खोटं बोलायचं ठरवून बोलले नव्हते. वाटलं, दोन-चार दिवसांत छाटूच, काय फरक पडतो. दोन-चारचे आठ झाले. फोनवर हवामान बघायची, कुठे ढगाचं चित्र दिसलं की थांबायची. आठाचे वीस झाले. त्या ऑक्टोबरात एक थेंब पडला नाही. महिना संपता संपता मी छाटणी केली.

डोळे सुरेख फुटले. केवडा नाही, भुरी नाही, किडे नाहीत. मी वहीत वाचून वाचून सगळं केलं, विरळणीसुद्धा. डिसेंबरात थंडी जरा जास्त पडली आणि मण्यांची वाढ मंदावली. संक्रांतीला यजमान सकाळपासून दाराकडे बघत होते.  त्या दिवशी त्यांनी तिळगुळाची वडी बोटाने फोडून, चघळून खाल्ली. दुधात कुस्करलेली पोळी खाल्ली. मी म्हणाले, "यंदा थंडीने लांबलंय. अजून हिरवी आहेत." त्यातलं थंडीचं खरं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वरणभात खाताना त्यांना ठसका लागला. थांबेचना. अन्न श्वासनळीत गेलं, दोन दिवसांनी ताप भरला आणि न्यूमोनिया झाला. बारा दिवस हॉस्पिटलात होतो. सुट्टी देताना तिथल्या थेरपिस्ट बाईंनी मला गिळण्याबद्दल सगळं समजावलं. पाणीसुद्धा पातळ द्यायचं नाही, पावडर घालून दाट करून चमच्याने द्यायचं. सगळं गाळून, वाटून. "और मॅडम, कोई भी दाना नहीं," त्या म्हणाल्या. "मटर नहीं, अनार नहीं, अंगूर तो बिलकुल नहीं. गले में अटक जाता है."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला हिंदी कळलं नाही. त्यांनी तेलुगूत पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी प्लॉटवरच्या बाईचा फोन आला. "अम्मा, लाल झालेत. बुलबुल येतायत." मी गेले. सात वेलांवर मिळून अकरा घड होते. तांबडे, सुटसुटीत, वर पांढरी साय धरलेले. एक मणी तोंडात टाकला. कडकन फुटला. माझं चुकलं होतं, चव होती त्याला.

घरी आणून एक घड मिक्सरमधून काढला, गाळला, पावडर घालून खिरीसारखा दाट केला. वाटीत त्याचा रंग मातकट दिसत होता. एक अख्खा घड मी धुऊन ताटलीत ठेवला, त्यांना बघायला. उशीला टेकवून बसवलं आणि अर्धा चमचा भरवला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात धरला. गिळला.  ठसका लागला नाही.

मग त्यांनी ताटलीतल्या घडाकडे पाहिलं. हात पुढे केला. मी घड हातात दिला. अंगठ्याने त्यांनी एका मण्यावरची साय पुसली आणि देठाकडे बारकाईने पाहत राहिले, फार्मवर पाहत असतील तसे.

"कधी छाटली?" त्यांनी विचारलं. मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

मी सांगू शकले असते की पहिल्या आठवड्यात. पण ज्याने सगळी हयात हेच दिवस मोजले त्याच्यापुढे ते खोटं टिकणारं नव्हतं.

"ऑक्टोबरच्या शेवटी," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं तेव्हा नाही छाटली. भीती वाटली मला."

त्यांची बोटं चादरीवर हलू लागली. कंपाने हलतात की मोजतायत ते कळेना. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. जातीची चूक नाही."

एवढंच. त्यात राग नव्हता. उलट त्यांना बरं वाटलं असावं, चेहरा जरा सैलावला होता. त्यांनी निवडलेली जात खरी ठरली होती. वेळेवर छाटली असती तर संक्रांतीला पिकली असती, आणि संक्रांतीला ते वडी फोडून खात होते. हा हिशेब त्यांनी केला की नाही मला माहीत नाही. मी तेव्हापासून रोज करते.

दुसरा चमचा त्यांनी घेतला नाही. तोंड मिटून घेतलं. उरलेले घड मी मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिले. सगळ्यांनी फार गोड आहेत म्हणून सांगितलं आणि एवढ्या लवकर कुठून आणलीत म्हणून विचारलं.

जूनमध्ये ते गेले. शेवटचे दोन महिने नळीवर होते.

मुलगी आली, दिवसकार्य झालं, ती परत गेली. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या फार्मवर गेले, कुणाच्या कामी येतील म्हणून. तिथला साहेब तरुण होता, नम्र होता. त्याने मला बसायला दिलं, चहा मागवला, वह्या चाळल्या. "मॅडम, बहुत मेहनत है," तो म्हणाला. "लेकिन यहाँ मराठी कौन पढ़ेगा? और अंगूर का काम तो हमारे यहाँ बंद हो गया." मी विचारलं, द्राक्षाचे जुने वेल पाहता येतील का? तो म्हणाला, ते काढून टाकले, आता तिथे दुसरा प्लॉट आहे. मी वह्या घेऊन परत आले. आता त्या कपाटावर आहेत. मी वाचू शकते, पण वाचत नाही.

यंदाच्या ऑक्टोबरात मी छाटणी केली नाही. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपतो, पानं गाळतो आणि आपोआप जागा होतो. आपल्याकडे त्याला झोप नाही. माणसाने कापलं नाही तर तो नुसता वाढत राहतो, पानंच पानं, घड धरत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

परवा सकाळी बाईचा फोन आला. वेल मांडव सोडून तिच्या झोपडीच्या पत्र्यावर गेले आहेत. अंधार होतो, कापू का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, काप. मग तिने विचारलं, अम्मा तुम्ही कधी येणार?

"वस्तानु," मी म्हणाले. येते.

कुठल्या दिवशी ते तिने पुढे विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.